उत्तर टोकाकडचे ९६० किलोमीटर

मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा समोर घ्या. शाळेच्या भिंतीवर पूर्वी सर्रास टांगलेला असायचा तो, आणि आज बहुतेकांच्या मोबाइलमध्ये असतो तोही त्याच जातीचा. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर ट्रॉम्सो हे शहर शोधा. तिथून सरळ वर, समुद्र ओलांडून, स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन नावाचं छोटं गाव सापडेल. या दोहोंमधलं अंतर पट्टीने मोजा आणि तीच पट्टी भारतावर ठेवा. कन्याकुमारीपासून उत्तर टोकापर्यंतचा अख्खा भारत जवळजवळ तेवढ्याच लांबीत मावतो.

भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. त्या हिशेबाने ट्रॉम्सोहून लाँगइयरब्येनला पोचायला जेट विमानाला चार तास तरी लागायला हवेत. वेळापत्रकात मात्र या उड्डाणाला एक तास पस्तीस-चाळीस मिनिटंच दिलेली असतात. मुंबई-दिल्लीपेक्षा कमी. कारण दोन्ही विमानतळांमधलं खरं अंतर आहे सुमारे ९६० किलोमीटर.

इथवर नकाशाने फसवलं. आता भागाकार फसवतो. या मार्गावर उडणाऱ्या बोइंग ७३७ सारख्या विमानाचा उंचीवरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. ९६० ला ८३० ने भागलं तर एक तास दहा मिनिटं येतात. मग वरचा अर्धा तास कुठे जातो? अंतराचं कोडं पृथ्वीच्या आकारात सुटतं, वेळेचं कोडं हवेत आणि विमानतळावर.

नकाशा नेमका कुठे ताणला जातो

एक सोललेलं मोसंबं हातात धरा. फोडींमधल्या रेषा म्हणजे पृथ्वीवरची रेखावृत्तं. मधोमध, म्हणजे विषुववृत्तावर, फोड सर्वांत रुंद असते आणि देठाकडे जाता जाता निमुळती होत एका बिंदूत संपते. विषुववृत्तावर एक अंश रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर भरते. ट्रॉम्सोच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ६९.७ अंश उत्तरेला, ती ३९ किलोमीटरवर येते. लाँगइयरब्येनला, ७८.२ अंशांवर, जेमतेम २३ किलोमीटर उरते.

मर्केटरच्या नकाशात मात्र सगळी रेखावृत्तं एकमेकांना समांतर, सारख्या अंतरावर काढलेली असतात. फोडीचं निमुळतं टोक ओढून मधल्या भागाइतकं रुंद केल्यासारखं होतं. ट्रॉम्सोजवळ ही ओढाताण जवळजवळ तिप्पट असते, लाँगइयरब्येनजवळ जवळजवळ पाचपट. नुसतं आडवं ताणलं असतं तर बेटांचे आकार चपटे झाले असते, म्हणून उभंही तितक्याच पटीने ताणावं लागतं. परिणामी ९६० किलोमीटरचा समुद्र नकाशावर विषुववृत्ताजवळच्या साडेतीन हजार किलोमीटरइतका लांब दिसतो.

यात गेरार्डस मर्केटरची चूक नाही. त्याने १५६९ मध्ये हा नकाशा खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालत राहिलं तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेत पडतो, आणि जमीन न दिसणाऱ्या समुद्रात ही सोय अमूल्य होती. अंतर मोजण्यासाठी तो नकाशा केलेलाच नव्हता. आपण तो त्या कामाला लावतो आणि मग ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटू लागतं.

चौकट: अंतर स्वतः काढून पाहा

दहावीपर्यंतची त्रिकोणमिती आठवत असेल तर कागदावर हे जमतं.

ट्रॉम्सो विमानतळ: ६९.६८° उत्तर, १८.९२° पूर्व
लाँगइयरब्येन विमानतळ: ७८.२५° उत्तर, १५.४७° पूर्व

उभं अंतर: अक्षांशांतला फरक ८.५७ अंश. उत्तरेकडे एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.६ किलोमीटर. गुणाकार: ९५६ किलोमीटर.

आडवं अंतर: रेखांशांतला फरक ३.४५ अंश. दोहोंच्या मधला अक्षांश ७४. तिथे एक अंश रेखांश सुमारे ३१ किलोमीटरचा. गुणाकार: १०७ किलोमीटर.

आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ९६२ च्या आसपास येतं.

वेगवेगळी गणकयंत्रं याच दोन विमानतळांसाठी कधी ९५७, कधी ९६१ असे आकडे देतात, त्याचं कारणही इथेच आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. केंद्रापासून ध्रुव ६,३५७ किलोमीटरवर, विषुववृत्त ६,३७८ किलोमीटरवर. या चपटेपणामुळे ध्रुवाकडचा एक अंश अक्षांश विषुववृत्ताकडच्या एका अंशापेक्षा सुमारे एक किलोमीटरने लांब भरतो. पृथ्वी पूर्ण गोल धरून केलेला हिशेब म्हणून चार-पाच किलोमीटरने कमी येतो. ही कागदी रीतसुद्धा जवळच्या अंतरांपुरतीच चालते. अर्ध्या जगापलीकडचं अंतर काढायला गोलाची त्रिकोणमितीच लागते.

ध्रुवाला वळसा, की ध्रुवाजवळून?

ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येन जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे तिथे नकाशा फक्त लांबी फुगवतो. दिशेबाबत फारसा दगा देत नाही. आता लाँगइयरब्येनची जोडी अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियाग्विकशी लावून पाहा. हे गाव २०१६ पर्यंत बॅरो या नावाने ओळखलं जायचं. दोघांमध्ये रेखांशाचा फरक १७२ अंशांचा, म्हणजे जवळजवळ अर्धं जग.

मर्केटरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा उत्कियाग्विकहून पूर्वेला निघते, कॅनडाच्या उत्तरेकडची बेटं आणि ग्रीनलंड ओलांडून स्वालबार्डला पोचते. ही वाट सुमारे ५,००० किलोमीटरची. पुन्हा मोसंब्याकडे या. देठाच्या एका बाजूला एक टाचणी टोचा, बरोबर पलीकडच्या बाजूला दुसरी, आणि दोहोंमध्ये दोरा ताणून धरा. दोरा फळाला आडवा वळसा घालत नाही. देठाला जवळजवळ घासून पलीकडे जातो. गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत छोटी वाट ती हीच. तिला बृहद्वृत्त म्हणतात: गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या सपाट कापाने पृष्ठभागावर उमटलेली रेघ. उत्कियाग्विक ते लाँगइयरब्येन या वाटेने सुमारे ३,३८० किलोमीटर भरतात आणि ती उत्तर ध्रुवापासून अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून जाते. नकाशावरच्या 'सरळ' रेषेपेक्षा तब्बल १,६०० किलोमीटरची बचत.

हे अंतर माणसाने विमानाने पहिल्यांदा कापलं ते एप्रिल १९२८ मध्ये. ह्यूबर्ट विल्किन्स हे ऑस्ट्रेलियन शोधप्रवासी आणि कार्ल बेन आयल्सन हे अमेरिकी वैमानिक १५ एप्रिलला पॉइंट बॅरोहून एका इंजिनाच्या लॉकहीड व्हेगा विमानातून निघाले. ते अगदी ध्रुवाजवळून गेले नाहीत. कॅनडाच्या बाजूच्या गोठलेल्या समुद्रात कुठे अज्ञात जमीन आहे का, हेही विल्किन्स यांना पाहायचं होतं, म्हणून वाट थोडी वाकडी धरली. जमीन दिसली नाही. सुमारे ३,५०० किलोमीटर आणि वीस तासांहून थोडा अधिक वेळ उडून ते स्वालबार्डला पोचले, तेव्हा वादळाने समोरचं काही दिसेना. एका निर्जन बेटावर विमान उतरवून त्यांनी पाच दिवस वादळ शमायची वाट पाहिली आणि मग पुढचा लहानसा टप्पा गाठला. त्या वीस तासांचा सरासरी वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आत होता. आजचं जेट तेच अंतर साडेचार तासांत कापेल.

कापेल, पण कापत नाही. या दोन गावांमध्ये थेट विमानसेवाच नाही. उत्कियाग्विकची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास, लाँगइयरब्येनची अडीच हजारांच्या आसपास. रोज विमान भरेल एवढी माणसं कुठून येणार? उत्कियाग्विकहून निघालेल्याला अँकरेज, सिॲटल, फ्रँकफर्ट, ओस्लो असं करत लाँगइयरब्येनला जायचं झालं तर पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास घडतो, खऱ्या अंतराच्या चौपटीहून जास्त. उत्तरेकडच्या गावांबद्दल बोलताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांना दूरची केलं आहे ते भूगोलापेक्षा विमानमार्गांच्या जाळ्याने. ते जाळं दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांभोवती विणलेलं आहे.

सुई जिथे गोंधळते

विल्किन्स यांच्यासमोर आणखी एक अडचण होती, आणि ती आजही उत्तरेकडच्या प्रत्येक उड्डाणाच्या आखणीत डोकावते. होकायंत्राची सुई भौगोलिक ध्रुवाकडे नव्हे, चुंबकीय ध्रुवाकडे बघते. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांनी हा चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तरेकडच्या बूथिया द्वीपकल्पावर शोधला. तेव्हापासून तो सरकत सरकत उत्तरेला आणि आता सायबेरियाच्या दिशेने निघाला आहे. त्याच्या जवळ गेलं की पृथ्वीचं चुंबकीय बळ आडवं न राहता जवळजवळ सरळ खाली जमिनीकडे ओढू लागतं. सुईला डावी-उजवी दिशा दाखवायला पुरेसं बळच उरत नाही. ती अडखळते, भरकटते.

दुसरी पंचाईत मोसंब्याच्या फोडींचीच. देठाजवळून सरळ जाणारा दोरा एकामागून एक फोडी भराभर ओलांडतो. त्यामुळे विमान जराही न वळता सरळ जात असलं तरी 'उत्तरेपासून किती अंश' हा आकडा सतत बदलत राहतो. उत्कियाग्विकहून निघताना विमानाचं नाक जवळजवळ उत्तरेला असतं, लाँगइयरब्येनला उतरताना दक्षिणेला, आणि मध्ये वैमानिकाने एकही वळण घेतलेलं नसतं.

यावर उपाय निघाला तो असा: ध्रुवाभोवतीच्या नकाशावर रेखावृत्तं बाजूला ठेवून चौकटीच्या वहीसारख्या समांतर रेघा आखायच्या आणि दिशा त्या रेघांपासून मोजायची. होकायंत्राच्या जागी गायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरत राहून आपली दिशा न सोडणारं चक्र. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने नोव्हेंबर १९५४ मध्ये कोपनहेगन ते लॉस एंजलिस ही उत्तरेकडून जाणारी नियमित सेवा सुरू केली ती याच साधनांच्या जोरावर. आज उपग्रह आणि विमानातली स्वयंपूर्ण दिशादर्शक यंत्रणा हे काम करतात. तरी त्या अडचणीची खूण शिल्लक आहे. जगभर धावपट्ट्यांचे क्रमांक चुंबकीय उत्तरेवरून ठरतात, पण कॅनडाच्या अतिउत्तरेला ते खऱ्या भौगोलिक उत्तरेवरून ठरवले जातात.

उरलेला अर्धा तास

आता ट्रॉम्सोच्या विमानाकडे परत येऊ. वेळापत्रकातली वेळ म्हणजे हवेतली वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबून चाकं अडवली जाईपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. ढोबळ हिशेब मांडू. धावपट्टीपर्यंत जाऊन उड्डाण घ्यायला दहा मिनिटं. अकरा किलोमीटर उंची गाठायला वीस मिनिटं. त्यात सुमारे २०० किलोमीटर सरतात. खाली उतरायला पंचवीस मिनिटं आणि पुन्हा २०० किलोमीटर. उतरल्यावर थांब्यापर्यंत पाच मिनिटं. म्हणजे ९६० पैकी फक्त साडेपाचशे किलोमीटर विमान आपल्या पूर्ण वेगाने जातं आणि त्याला लागतात चाळीस मिनिटं. सगळं मिळून एक तास चाळीस. मार्ग जितका छोटा, तितका हा चढ-उताराचा हिस्सा जड होतो.

पूर्ण वेग म्हणजे तरी किती? हा आकडा विमानापेक्षा हवेवर जास्त अवलंबून असतो. प्रवासी जेट ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.७८ पटीने उडतं. त्याच्या बरंच पुढे गेलं की पंखावरून वाहणारी हवा जागोजागी ध्वनीचा वेग ओलांडते, अडथळा एकदम वाढतो आणि इंधन भसाभसा जळतं. म्हणून मर्यादा आखली जाते ती ध्वनीच्या वेगाच्या पटीत. आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो. उणे ५६ अंश सेल्सियसला तो ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. विमान मग ८२८ ने जातं. उणे ७० अंशांना तोच १,०३० च्या आसपास येतो आणि विमानाचा वेग ८०० वर उतरतो.

उत्तरेकडे हिवाळ्यात एवढी थंडी उंचावर पडू शकते. ढग, पाऊस, वादळं ज्या थरात घडतात तो थर आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटर उंच असतो. ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटरवरच संपतो. अकरा किलोमीटरवर उडणारं विमान मुंबईवर असताना हवामानाच्या पोटात असतं, स्वालबार्डच्या वाटेवर मात्र त्याच्या वरच्या शांत थरात, स्थितांबरात. हिवाळ्यात तिथे महिनोन्महिने ऊन पोचत नाही आणि हवा गारठत जाते. चाळीस मिनिटांच्या प्रवासात याचा फरक एखाद्या मिनिटाचा. आशिया आणि अमेरिकेदरम्यान ध्रुवाजवळून जाणाऱ्या लांब उड्डाणात मात्र तो मिनिटा-मिनिटाने साठत जातो. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू उड्डाण उत्तर ध्रुवावरून आणलं, तेव्हा अशा मार्गांची बरीच चर्चा आपल्याकडे झाली होती.

वारा याहून मोठा हिशेब मांडतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ९६० किलोमीटरचं शुद्ध अंतर ६२ मिनिटांत सरतं. तोच समोरून आला तर ७९ मिनिटं लागतात. वारा नसता तर ६९. जाताना ७ मिनिटं वाचली, येताना १० गेली. जाऊन-येऊन फिटंफाट होत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं आणि नुकसानही तितकाच जास्त वेळ सोसतं. ट्रॉम्सो-लाँगइयरब्येन मार्ग दक्षिणोत्तर आहे, तर उंचावरचे जोरदार वारे बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. ते विमानाला कुशीवर लागतात, त्यामुळे या मार्गावर त्यांची झळ कमी.

शेवटची मिनिटं लाँगइयरब्येनच्या डोंगरांची. १९७५ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ कायम गोठलेल्या जमिनीवर, फ्योर्डच्या (डोंगरांमध्ये शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या) काठी आहे. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला थेट उतरता येत नाही. समुद्राच्या बाजूने किंवा आतल्या दरीच्या बाजूने वळून धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून खाणकामगारांना घेऊन येणारं विमान दरीच्या बाजूने येताना या रेषेपासून काही किलोमीटर बाजूला सरकलं आणि ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व १४१ जण गेले. उतरतानाचा तो लांबलचक वळसा प्रवाशाला कंटाळवाणा वाटतो, पण वेळापत्रकातली सर्वांत गरजेची मिनिटं तीच.

इंधनही याच विचाराने भरतात. लाँगइयरब्येनला धुकं किंवा वादळ असेल तर जवळ दुसरीकडे मोठं विमान उतरवण्यासारखी जागा नाही. परत नॉर्वेच्या मुख्य भूमीपर्यंत पुरेल एवढं इंधन सोबत घेऊनच निघावं लागतं.

गोव्याहून निघालेल्यांचा शेवटचा टप्पा

मराठी वाचकांच्या शेजारच्या काही माणसांना ही वाट ओळखीची आहे. वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत भारतीय शास्त्रज्ञ स्वालबार्डला जातात. लाँगइयरब्येनच्या वायव्येला न्यू-ओलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र जुलै २००८ पासून आहे. लाँगइयरब्येन ते न्यू-ओलेसुंड सरळ अंतर सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याइतकंच म्हणा ना. पण मध्ये हिमनद्या आणि डोंगर. दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. न्यू-ओलेसुंडची खडीची धावपट्टी जेमतेम ८०० मीटरची, म्हणून तिथे जातं ते डॉर्निअर २२८ हे पंख्याच्या दोन इंजिनांचं लहान विमान. याच जातीची विमानं भारतात कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधली आहेत.

या ११० किलोमीटरना सुमारे पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे सरासरी ताशी २६० किलोमीटर. विमान वर चढून स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरायला लागतं. पूर्ण वेगाचा टप्पा जवळजवळ नसतोच. नोव्हेंबरात हा प्रवास केला तर ट्रॉम्सोला दुपारी क्षितिजावर सूर्य दिसतो आणि लाँगइयरब्येनला उतरल्यावर काळोख असतो, कारण तिथे ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही. दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ चालते.

गोव्यापासून न्यू-ओलेसुंड बृहद्वृत्ताने मोजलं तर सुमारे ७,७५० किलोमीटरवर आहे. न थांबता जाणारं जेट असतं आणि उतरायला लांब धावपट्टी असती, तर दहा तासांत पोचवलं असतं. प्रत्यक्षात युरोपात विमान बदलून ओस्लो, मग लाँगइयरब्येन, आणि तिथून न्यू-ओलेसुंडसाठी हवामान उघडायची वाट.